सोमवारी विभागात ये

चि. बाळ,
आशीर्वाद.

रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला. 'सर, मी एम.एस्सी. सोडते. माझ्याच्यानं होणार नाही.' फोनवर घाईनं काहीतरी बोलून टाकायचं नव्हतं, म्हणून सकाळी कागद घेऊन बसलो.

माझ्याच्यानं म्हणजे नेमकं कशाच्यानं? दिवाळीच्या तोंडावर वडील गेले. दिवसकार्य उरकून तीन आठवड्यांत तू पेपरला बसलीस. दोन विषय राहिले, बाकीचे सुटले. त्यात खोलीचं भाडं थकलं, मेस बंद झाली, तू बॅग भरून गावी गेलीस. आता पहाटे म्हशींच्या धारा काढून डेअरीला दूध घालतेस. यात तुझी बुद्धी कुठं कमी पडली ते मला दाखव. दुःख, पैसा आणि दोन पेपर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तू त्यांची एकच मोट बांधलीस आणि वर स्वतःचं नाव घातलंस.

मीही हे केलंय, म्हणून ओळखतो. १९८४ साली बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मी नापास झालो. ऑक्टोबरला पुन्हा बसलो असतो तर सहा महिने गेले असते. पण लाज वाटली. गुळाच्या अडतीवर रव्यांची, म्हणजे ढेपांची, वजनं लिहायला लागलो. ओळखीचे सर दिसले की गल्ली बदलायची. तोंड लपवण्यात दोन वर्षं गेली, आणि शेवटी फॉर्म भरला तो थोरल्या बहिणीनं, मला न विचारता. पेपर अवघड नव्हता गं. कॉलेजच्या फाटकातनं आत पाऊल टाकणं अवघड होतं.

अडचण डोक्याची नसते, ही गोष्ट कोल्हापूरला फार आधी कळली होती. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, पुढं एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. दसरा चौकातनं जाताना त्यातली काही अजून दिसतात. खेड्यातल्या पोरांना डोकं होतं, पण शहरात पाठ टेकायला जागा आणि दोन वेळची भाकरी नव्हती. महाराजांनी आधी त्याची सोय केली. तुझंही आधी तेच बघायचं.

विद्यापीठात 'कमवा आणि शिका' योजना आहे, तिथं जागा आहे का ते मी तुझ्याबरोबर येऊन विचारतो. महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडलेला उत्पन्नाचा दाखला वडिलांच्या कमाईवरचा असेल, तर तहसीलमधून नवा काढून घे. राहिलेल्या दोन विषयांचेच फॉर्म भरायचे आहेत, सुटलेले पुन्हा द्यायचे नाहीत. आणि हे वर्ष खरोखरच घरी द्यावं लागलं, तर दे. अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे सुटलेल्या विषयांच्या श्रेयांकांच्या खात्यात, जमा झालेली क्रेडिट्स जास्तीत जास्त ७ वर्षं धरली जातात. फक्त तुझ्या अभ्यासक्रमाची कमाल मुदत विभागात विचारून घे, आणि जायचंच तर अर्ज देऊन, पोच घेऊन जा. न सांगता गेलेल्या पोरांचं परत येणं फार कठीण होतं, हे मी तीस वर्षं बघितलंय.

काकांना तुझ्या लग्नाची घाई झालीय, असं लिहिलंस. त्यावर आईशी एकटीशी बोल, चारचौघांत नको. त्या माऊलीनं तुझी फी भरायला म्हैस विकली होती, तिला काय वाटतं ते कुणी विचारलंय का?

झोप येत नाही म्हणालीस. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी नंबर आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आज रात्रीच लाव. मला लावलास तरी मी उचलेन, पण तिथली माणसं या कामात शिकलेली आहेत.

सोमवारी सकाळचं दूध घालून गगनबावड्याची पहिली एसटी धर. रंकाळा स्टँडवरनं केएमटीच्या सिटी बसनं विद्यापीठात ये. अकराला मी रसायनशास्त्र विभागाच्या पायऱ्यांवर असेन. गुणपत्रिका आण आणि सकाळी उपाशी निघू नकोस. दुपारचं जेवण आमच्याकडे आहे, काकूंना सांगून ठेवलंय.

तुझे,
सर