उत्तर: सेन्सरची बॅटरी डेटाशीटप्रमाणे टिकत नाही, वीज नक्की जाते कुठे?

तुमची पोस्ट वाचून जुनं दुखणं वर आलं. एनबी-आयओटीवरचा (थोडाच डेटा पाठवणाऱ्या उपकरणांसाठीचं मोबाइल नेटवर्क) मातीच्या ओलाव्याचा सेन्सर, कागदावर बॅटरी दोन वर्षं, बागेत दोन महिन्यांत खलास, आणि डेटा घेणारा सर्व्हर किती वीज खातो तेही मोजायचंय. आमच्याकडे निफाडच्या द्राक्षबागेत हेच चाललं होतं.

डीप स्लीप (चिपची गाढ झोप), रेग्युलेटर, बोर्डावरचा एलईडी हे तुम्ही बघितलंच असेल. माझं मत विचाराल तर आधी नेटवर्कवर संशय घ्या. सेन्सरमधलं रेडिओ मॉड्यूल पीएसएम (पॉवर सेव्हिंग मोड, म्हणजे रेडिओची लांब झोप) नुसतं मागतं, द्यायचं की नाही आणि किती वेळाचं हे नेटवर्क ठरवतं. एटी+सीपीएसएमएस या मागणीच्या कमांडला ओके आलं म्हणजे मागणी नोंदली, बस. मिळालं काय ते बघायला एटी+सीईआरईजी=४ लावा, मग एटी+सीईआरईजी? विचारा. मंजूर झालेले दोन टायमर (किती वेळ जागं राहायचं आणि किती वेळाने नेटवर्कला परत हजेरी द्यायची) ८-८ बिटांत येतात, पहिले ३ एकक, उरलेले ५ आकडा, आणि दोन्ही टायमरची एककं वेगळी असतात हे विसरू नका. रकाने रिकामे आले तर पीएसएम मिळालेलंच नाही.

आम्हाला हे कोणी सांगितलं नाही. सिम देणाऱ्या कंपनीच्या सपोर्टला (नाव घेत नाही) मी एवढंच विचारत होते की आमच्या टॉवरवर पीएसएम चालू आहे का, हो की नाही. दर वेळी नवीन तिकीट, नवीन माणूस, आणि उत्तर तेच, "सिम ॲक्टिव्ह आहे, मॉड्यूल तपासा". मॉड्यूलवाले म्हणणार नेटवर्क तपासा. त्या नादात गोडी छाटणीचा अख्खा हंगाम गेला, बॅटऱ्या बदलून शेतकरी वैतागले, आणि सेन्सरच भिकार असं गावभर झालं. अजून राग येतो. तुम्ही लेखीच विचारा, मंजूर टायमर किती ते आकड्यात मागा.

मोजायला मल्टिमीटर नको, तो करंटचे मधले झटके दाखवत नाही आणि मायक्रोअँपिअर रेंजवर व्होल्टेज पडून मॉड्यूल रीसेट होतं. नॉर्डिकचं पॉवर प्रोफायलर किट २ घ्या, १ अँपिअरपर्यंत चालतं, पण मॉड्यूल २जीवर जाणारं असेल तर झटके २ अँपिअरपर्यंत जातात, तिथे ते पुरणार नाही. एका पाठवणीपासून पुढच्या पाठवणीपर्यंत पूर्ण चक्र मोजा, डेटा गेल्यावरही रेडिओ किती वेळ जागा राहतो ते त्यातच दिसतं.

सर्व्हरचंही विचारलंय म्हणून थोडक्यात. स्वतःचं मशीन असेल तर प्लगमधला वॉटमीटर, कारण आरएपीएल (प्रोसेसरमधलाच वीज मोजणारा मीटर) सहसा प्रोसेसर आणि फार तर मेमरीचंच सांगतं, पंखे-डिस्क-पॉवर सप्लाय त्यात नाहीत. भाड्याच्या व्हीएमवर (क्लाउडमधलं आभासी मशीन) तेही बहुतेक दिसत नाही. आणि एक जीबी डेटाला अमुक युनिट वीज असा गुणाकार काही बाइटच्या मेसेजला लावू नका, टॉवर तसाही चालूच असतो.

मी टेलिकॉमवाली नाही, फर्मवेअरप्रमाणे फरक पडेल. मॉड्यूल कोणतं ते आणि सीईआरईजीचं उत्तर इथे टाका, बिट वाचून सांगते.