पहिल्या ट्रॅक डेसाठी आरसी ३९०, आर३, निन्जा ३०० की आरआर ३१०? हँडलिंग कोणाचं सरस?

तुम्ही प्रश्नात सहज लिहून गेलात की घरी यामाहाची आर१५ आहे, पण १५५ सीसी घेऊन ट्रॅकवर जाण्यात अर्थ नाही, म्हणून मोठी बघताय. त्या एका वाक्यासाठी हे उत्तर लिहितोय. पूर्ण अर्थ आहे. पहिल्या ट्रॅक डेला, म्हणजे आपलीच गाडी रेसिंग ट्रॅकवर चालवायच्या दिवशी, तिच्याइतकं शिकवणारी गाडी तुमच्या यादीत नाही.

यादी आधी उरकतो. केटीएमची आरसी ३९० आपल्या चाकणची. वळणात शिरायला चौघींत सगळ्यात चपळ, पण जोरात ब्रेक मारला की मागचं चाक हलकं होतं आणि सगळा भार मनगटांवर येतो. यामाहाच्या आर३ चं ट्विन (दोन सिलिंडरचं) इंजिन गुळगुळीत, थ्रॉटल उघडताना धक्का देत नाही, नवख्याला सांभाळून घेते; सस्पेन्शन मात्र मऊ. टीव्हीएसची आरआर ३१० लांब, वेगवान वळणात रेष सोडत नाही, पण डावीकडून उजवीकडे पटकन टाकायची तर अंग लावावं लागतं. कावासाकीच्या निन्जा ३०० चा व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) १४०५ मिमी आणि वजन १७९ किलो. स्थिर आहे, पण वळणाच्या तोंडाशी ते वजन जाणवतंच. तुमची आर१५ व्ही४ (चौथी आवृत्ती) असेल तर १३२५ मिमी आणि १४२ किलो. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

आता खरा मुद्दा. माझ्या मामेभावाकडे पहिल्या पिढीतली आरसी ३९० आहे. रविवारी पहाटे लवासा, परतताना पिरंगुटला मिसळ, आणि मिसळीवर कायमचा वाद: सीसी नाही तर काही नाही. शेवटी आम्ही दोघं कोइम्बतूरच्या करी स्पीडवेला गेलो. माझी आर१५ रेल्वे पार्सलने गेली, टाकी रिकामी करून, गोणपाटात बांधून. तो बेंगळुरू हायवेने चालवत आला, हजार किलोमीटरच्या वर.

करी २.१ किलोमीटरचा, छोटा, वळणावळणांचा ट्रॅक. सकाळी सरळ पट्ट्यावर तो मला दरवेळी मागे टाकायचा. पट्टा संपला की तो माझ्या कितीतरी आधी ब्रेक लावायचा, आणि वळणाच्या मध्यावर मी त्याच्या मागच्या चाकाला चिकटलेला असायचो. दुपारच्या सेशनला तर इन्स्ट्रक्टरने त्याला हात करून मला पुढे जाऊ द्यायला लावलं.

पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे, गाडी स्टँडवर चढवली आणि मी त्याचं मागचं टायर हाताने चाचपलं. हायवेने मधोमध चपटं केलेलं, आणि चपटा भाग संपतो तिथे बोटाला सरळसरळ कड लागत होती. असं टायर सुरुवातीला कलायला मागत नाही आणि त्या कडेवरून गेलं की गाडी एकदम आत पडते. चालवणारा दचकतो, थ्रॉटल सोडतो, वळण गेलं. भरीला मागचा प्रीलोड (सस्पेन्शनच्या स्प्रिंगचा ताण) शोरूममधून आला तसाच, आणि मामेभाऊ नव्वद किलोच्या पुढचा. मागून बसलेली गाडी रेष धरत नाही, बाहेर बाहेर जाते. माझी टायरं नवी होती, प्रीलोड माझ्या वजनाला लावलेला. टायरच्या पार कडेपर्यंत रबराच्या बारीक गोळ्या जमल्या होत्या, चिकन स्ट्रिप (कडेची न वापरलेली पट्टी) नावालाही नव्हती.

परतल्यावर त्याचं म्हणणं: ट्रॅक छोटा होता.

सुपरस्पोर्ट ३०० च्या जागतिक स्पर्धेत वेगवेगळ्या सीसीच्या गाड्या एकत्र धावल्या. त्यासाठी प्रत्येक मॉडेलला वेगळं किमान वजन आणि वेगळी आरपीएम मर्यादा असायची. २०१७ ला मार्क गार्सिया आर३ वर जिंकला, २०१८ ला आना कारास्को निन्जा ४०० वर. ताकदीतला फरक नियम करून कमी करता येतो. ब्रेक कुठे सोडायचा आणि थ्रॉटल कुठे उघडायचा, हे ज्याचं त्यालाच शिकावं लागतं, आणि ते हलक्या गाडीवर लवकर कळतं. मोठ्या गाडीवर वळणात घालवलेला वेळ तुम्ही सरळ पट्ट्यावर भरून काढता आणि आपण बरे चालवतो असं वाटत राहतं.

तेव्हा नव्या गाडीचे पैसे तूर्त ठेवा. आर१५ ला चांगली टायरं, नवे ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल टाका, प्रीलोड हेल्मेट, सूट, बूट असं पूर्ण रायडिंग गिअर घालून गाडीवर बसून तपासून घ्या, हवेचं प्रेशर तिथल्या इन्स्ट्रक्टरला विचारा. आणि कृपा करून हँडलिंगची तुलना लवासाला करू नका. तिथे वळणावर वाळू असते, समोरून टेम्पो येतो. शहाणा माणूस तिथे गाडीच्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही, मग तुलना कशाची करणार?

हे सगळं मी साठ-बासष्ट किलोचा आणि बेताच्या उंचीचा माणूस म्हणून सांगतोय. सहा फुटी असाल तर आर१५ वर अंग लपवायला जागा मिळणार नाही. आरआर ३१० वर बसून बघा, तिची बीटीओमधली (ऑर्डरप्रमाणे बनवून मिळणारी) ॲडजस्टेबल सस्पेन्शनवाली घ्या. नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटला जाणार असाल तर गोष्ट वेगळी: ५.१२५ किलोमीटरचा ट्रॅक, एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा, तिथे १५५ सीसी कमीच पडेल. आणि दोन-तीन ट्रॅक डेनंतरही मोठी हवीच असेल, तर यादीत नसलेली एप्रिलिया आरएस ४५७ बघा. बारामतीत बनते, ॲल्युमिनियम फ्रेम आहे, आणि माझ्या मते पुढच्या चाकाखाली काय चाललंय ते या चौघींपेक्षा जास्त सांगते.

मामेभाऊ हे वाचेलच. त्याला सांगणं एवढंच: टायर बदल, प्रीलोड तुझ्या वजनाला लाव आणि पुन्हा करीला ये. गाडी तीच आण. सरळ पट्ट्याचा वेळ धरायचा नाही, फक्त वळणांचा मोजू.