भीती वाटत असूनही मित्रांसोबत भयखेळ खेळताना

भीतीदायक व्हिडिओ गेम आवडत नाहीत, पण मित्रांना नकार देणेही जिवावर येते, ही तुमची अडचण मला चांगली समजते, कारण मीही याच मनःस्थितीत सुरुवात केली होती. आपल्याला भीती वाटते हे मित्रांना आधीच स्पष्ट सांगावे. मुद्दाम ओरडून दचकवणारा सोबती पडद्यावरच्या भुतापेक्षा अधिक त्रास देतो.

२०२० मध्ये आलेल्या ‘फॅस्मोफोबिया’ या भूत शोधण्याच्या खेळात जास्तीत जास्त ४ जण एकत्र खेळतात आणि त्यांपैकी एकाने बाहेरच्या गाडीत थांबून कॅमेऱ्यांची दृश्ये व सोबत्यांच्या मनःस्थितीचे आकडे पाहून माईकवरून सांगत राहणे, हे खरोखर उपयोगाचे काम असते. सुरुवातीचे काही डाव तिथेच काढा. २०२३ च्या ‘लीथल कंपनी’ या अंतराळयानातून फिरण्याच्या भयखेळातही यानात थांबलेला खेळाडू नकाशावर लक्ष ठेवून टर्मिनलवरून, म्हणजे यानातल्या संगणकावरून, सोबत्यांसाठी सुरक्षा दारे उघडू शकतो. या कामाला कमी लेखू नका. शांत डोक्याचा माणूस बाहेर असला की आतल्यांचा धीर टिकतो, असा माझा अनुभव आहे.

पुढे आत जाल तेव्हा एक लक्षात ठेवा: ‘फॅस्मोफोबिया’तील भूत खेळाडूंची शिकार करायला निघते त्या वेळी त्यांचा आवाज ऐकू शकते, म्हणून ओरडण्याऐवजी टॉर्च बंद करून, गप्प राहून लपावे. निम्मी भीती आवाजातूनच येते. हेडफोनऐवजी स्पीकर वापरला आणि खोलीतला दिवा चालू ठेवला, तर ती बरीच सुसह्य होते. फारच अस्वस्थ वाटू लागल्यास डाव अर्धवट सोडून खुशाल उठावे.