थ्रीडी चित्र आवडलं, पण कटिंगचा कागद कुठे आहे?

प्रश्न : पुण्यात बाणेरला दोन बेडरूमचा नवा फ्लॅट घेतलाय. डिझायनरने थ्रीडी चित्रं आणि चौरस फुटाच्या दराने कोटेशन दिलंय. सुतारकाम जागेवरच होणार आहे. ॲडव्हान्स देण्याआधी काय काय तपासून घ्यावं?

उत्तर : थ्रीडी चित्रं तूर्त बाजूला ठेवा आणि प्रत्येक वस्तूचं मापांसह वर्किंग ड्रॉइंग मागा. कपाट बंद असताना एक, शटर काढून आतलं एक, आणि बाजूने कापलेला छेद एक. थ्रीडीत फक्त दर्शनी भाग दिसतो. तुमचे पैसे मात्र आतल्या पडद्या (उभे आडोसे), फळ्या, ड्रॉवर, पाठ आणि बिजागऱ्यांत जातात. ही मापं कागदावर नसली की सुतार ती कामाच्या दिवशी, हाताशी असलेल्या तुकड्यांवरून ठरवतो. त्याला दोष देता येत नाही, कारण कुणीतरी ठरवायलाच लागतं.

ड्रॉइंगवरून प्लायचा हिशोब, म्हणजेच कटिंगचा कागद, स्वतः करून बघा. समजा वॉर्डरोब ६ फूट रुंद, ७ फूट उंच आणि २ फूट खोल आहे. तीन उभ्या पडद्या (७ बाय २) म्हणजे ४२ चौरस फूट, वरची-खालची फळी २४, आतल्या पाच फळ्या ३०, शटर ४२. एकूण १३८. एक शीट ८ बाय ४ म्हणजे ३२ चौरस फुटांचं, तेव्हा भागाकार येतो ४.३. पण प्रत्यक्षात ६ शीट लागतात. दीड फुटाची चार शटर कापायला २ शीट लागतात, कारण एका शीटमधून दोनच निघतात आणि १ फुटाची पट्टी उरते. पडद्यांना २ शीट, त्यात उरलेल्या पट्टीतून दोन फळ्या निघतात. वर-खाली मिळून १ शीट, आणि बाकीच्या तीन फळ्यांना आणखी १. पाठीला ६ मिमीची २ शीट वेगळी. उरलेल्या पट्ट्या स्कर्टिंग, ड्रॉवरचे दर्शनी भाग अशा ठिकाणी लागल्या पाहिजेत. कुठे लागणार ते आधीच विचारून ठेवा, नाहीतर त्या राडारोड्यात जातात आणि ड्रॉवरसाठी नवं शीट येतं. लाकडी रेघांचं सनमायका निवडलं असेल तर रेघांची दिशा सांभाळायला आणखी जास्त माल लागतो. हेही आधीच धरावं.

कपाट किती खोल हवं, या मापात एक चूक फार होते. कपडे अडकवायचा हँगर १७ ते १८ इंच रुंद असतो, म्हणून आत किमान २१ इंच मोकळे हवेत. उघडणाऱ्या शटरचं कपाट बाहेरून २४ इंच पुरतं, कारण त्यात शटरची जाडी धरलेली असते. पडदी मग साधारण २३ इंचांची येते आणि ४ फुटी शीटमधून दोन पट्ट्या आरामात बसतात. सरकत्या शटरला मात्र दोन ट्रॅकची जागा जाते, म्हणून बाहेरून २६ ते २७ इंच लागतात. २४ इंचांतच स्लायडिंग बसवलं तर शर्टांच्या बाह्या शटरला घासतात. कपड्यांची फळी ३ फुटांपर्यंत चालते. पुस्तकांसाठी १८ मिमी प्लायची फळी अडीच फुटांच्या वर नेऊ नका, मधोमध वाकते.

आता प्लाय. कोटेशनमध्ये नुसतं ‘वॉटरप्रूफ प्लाय’ लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. भारतीय मानक आयएस ७१० (बीडब्ल्यूपी, उकळत्या पाण्यात टिकणारं, म्हणजे मरीन) की आयएस ३०३, आणि त्यात कोणती ग्रेड, हे लिहून घ्या. माझं मत असं : सिंकखालचा खण, बाथरूमच्या भिंतीला टेकणारं कपाट आणि वॉशबेसिनखालचं युनिट एवढ्या ठिकाणी ७१० घ्याच. बाकी बेडरूममध्ये चांगल्या कंपनीचं ३०३ पुरतं. सगळीकडे मरीन लावण्यापेक्षा तो पैसा बिजागऱ्या आणि ड्रॉवरच्या चॅनेलवर (सरकपट्ट्यांवर) घालणं शहाणपणाचं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये किंवा जवळच्या दुकानात माल घ्यायला स्वतः जा. प्रत्येक शीटवर आयएसआयचा शिक्का आणि लायसन्स नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. शीट घरी आली की कापण्याआधी शिक्क्यांचे फोटो काढून ठेवा, कारण कापल्यावर शिक्का कुठे गेला ते कळत नाही. बोटांनी ठोकत जा. मध्येच पोकळ आवाज आला तर आतल्या थरात फट आहे, आणि नेमका तिथे बिजागरीचा स्क्रू आला तर तो धरत नाही. जाडी कॅलिपरने मोजा, १८ म्हणून १६ मिमी येऊ शकतं. ७१० म्हणून घेतलेल्या मालाची शंका असेल तर तळहाताएवढा तुकडा कुकरमध्ये काही तास उकळा. थर सुटले तर माल परत. मरीनची खरी चाचणी ७२ तास उकळण्याची असते, त्यामुळे घरच्या उकळण्याने मरीन सिद्ध होत नाही, पण उघड फसवणूक पकडली जाते.

८ फुटी शीट प्रवासी लिफ्टमध्ये बहुतेकदा मावत नाही. सोसायटीची सर्व्हिस लिफ्ट आहे का ते बघा. नसेल तर जिन्याने शीटमागे, मजल्यामागे हमाली लागते, आणि ती कोटेशनमध्ये क्वचितच धरलेली असते.

शटर वाकणं ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. कारण साधं असतं : बाहेरून १ मिमी सनमायका आणि आतून नुसता रंग किंवा पातळ लायनर (आतल्या बाजूचं पातळ सनमायका). दोन्ही बाजू हवेतली ओल वेगवेगळ्या वेगाने घेतात-सोडतात आणि शटर एका बाजूला ओढलं जातं. पुण्यात एप्रिल-मेची कोरडी हवा आणि जुलैची ओल यांत फरक मोठा, म्हणून हे पहिल्या पावसाळ्यातच दिसतं. उपाय असा : ६ फुटांवरच्या शटरला दोन्ही बाजूंनी सारख्याच जाडीचं सनमायका लावा. चिकटवल्यावर शीट सपाट जमिनीवर, वर वजन ठेवून, एक रात्र तरी दाबून ठेवा. भिंतीला टेकवून उभं वाळवलेलं शटर हमखास वाकतं. पावसाळ्यात काम असेल तर वाळायला जास्त वेळ द्या. जमिनीपासून छतापर्यंत एकच शटर करू नका, माळ्याचं शटर वेगळं ठेवा. एकसंध उंच शटरच हवं असेल तर ब्लॉकबोर्ड (आत लाकडी पट्ट्या असलेला बोर्ड) वापरा. ७ फुटी शटरला ४ ते ५ बिजागऱ्या लागतात, वरची आणि खालची टोकापासून ४ इंचांवर.

आणि कडा! प्लायला पाणी पृष्ठभागापेक्षा कापलेल्या कडेतून जास्त लागतं. शटरची खालची कड, बिजागरीसाठी पाडलेलं ३५ मिमीचं भोक, सिंकच्या पाइपसाठी कापलेली जागा, पाठीमागची न दिसणारी कड. दर्शनी कडांना २ मिमी पीव्हीसी पट्टी लावली जाते, न दिसणाऱ्या कडा उघड्याच राहतात. त्यांनाही पट्टी किंवा प्रायमर लावायचा असं ड्रॉइंगवरच लिहा. फार खर्चाचं काम नाही, फक्त कुणी सांगत नाही म्हणून राहून जातं.

ड्रॉवरच्या बॉल-बेअरिंग चॅनेलला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच लागतो, म्हणून डबा मोकळ्या जागेपेक्षा १ इंच अरुंद हवा. दोन-तीन मिमी इकडे-तिकडे झालं तर ड्रॉवर अडकतो किंवा डगमगतो. यासाठी बिजागऱ्या, चॅनेल आणि स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या आधी विकत आणून सुताराच्या हातात द्या, मग खण करू द्या. पुण्यातल्या बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत हे सगळं एका फेरीत मिळतं. आधी खण करून नंतर ट्रॉलीची बास्केट शोधली की बाजूला दोन इंच वाया जातात.

ओट्याची उंची बिल्डरने दिली तीच धरू नका. जो जास्त वेळ स्वयंपाक करतो त्याच्या कोपरापासून ४ ते ६ इंच खाली ओटा हवा. पोळ्या लाटायला थोडा खाली बरा, पण सिंकचा तळ ओट्याच्याही खाली असतो, तिथे वाकावं लागतं. सुवर्णमध्य स्वतः उभं राहून, लाटणं हातात घेऊन ठरवा. हॉब (ओट्यात बसवलेली शेगडी) बसवणार असाल तर शेगडीची उंची नाहीशी होते, तेव्हा ओटा एक-दोन इंच वर घेतलेला चालतो. पाइप गॅस असेल तर त्याची चावी कपाटाच्या पाठीमागे बंद होता कामा नये. हात लगेच पोचेल अशी जागा आणि शटरला हवेची जाळी ठेवा.

मापं प्लास्टर आणि फरशी झाल्यावरच घ्यायची. रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीनदा मोजा आणि सगळ्यात कमी ती धरा. सुताराला कोपऱ्याला गुण्या (काटकोन तपासायला) आणि भिंतीला ओळंबा (उभी रेष तपासायला) लावून दाखवायला सांगा. नव्या इमारतीतही भिंती अर्धा-पाऊण इंच तिरक्या असतात. ती तूट फिलर पट्टीत (कपाट आणि भिंतीमधली फट झाकणाऱ्या पट्टीत) घालायची, शटरमध्ये नाही. बाथरूमच्या भिंतीपासून कपाट अर्धा इंच सुटं ठेवा आणि पाठीच्या ६ मिमी प्लायला मागूनही रंग द्या. भिंतीत ओल दिसत असेल तर आधी ती गळती काढा, कपाट नंतर.

कोटेशनमधल्या चौरस फुटात माळा धरलाय का, आतलं सनमायका, ड्रॉवर, पाठ, मुठी, कुलुपं, राडारोडा उचलणं आणि जीएसटी धरून आहे की वेगळं, हे एकेक विचारून लिहून घ्या. आकडा पूर्ण फुटात वर नेऊन मोजणार की इंचात, हेही. पैसे टप्प्यांत द्या आणि शेवटचे ५ ते १० टक्के सगळी शटर, सगळे ड्रॉवर स्वतः उघडून-मिटून बघेपर्यंत हातात ठेवा. पहिल्या पावसाळ्यानंतर बिजागऱ्या पुन्हा ॲडजस्ट करायला सुतार एकदा येईल, हे करारात आत्ताच लिहून घ्या.