उत्सवासाठी घरासमोरचा रस्ता बंद ठेवतात, त्याचा लहान मुलांवर काय परिणाम होतो? तक्रार करावी का?

तुम्ही लिहिलंय की दरवर्षी सार्वजनिक उत्सवासाठी घरासमोरचा रस्ता दोन-तीन दिवस बंद असतो. मुलगी सात वर्षांची आहे. शेजारी म्हणतात, मुलांची तेवढीच मजा. तुम्हाला मात्र गोंगाटाची, झोपेची आणि गर्दीची धास्ती आहे. मी या प्रकरणात दोन्हीकडून उभी राहिले आहे. आधी तक्रार करणारी म्हणून, आणि पुढची पाच वर्षं शिटी गळ्यात अडकवून बॅरिकेडपाशी. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझं मत आधीच सांगून टाकते. रस्ता बंद होणं मुलांच्या भल्याचंच आहे. त्रास होतो तो बंद झालेल्या रस्त्यावर आपण मोठी माणसं जे आणून भरतो त्याचा. वाहनांना बंद झालेला रस्ता आपोआप मुलांना मोकळा झाला, असं होत नाही. गाड्या हटतात, अर्ध्या तासात तिथे मंच, खुर्च्या, दोऱ्या, वायरी येतात आणि मुलं होती तिथेच राहतात, कडेला.

हे मला कळलं ते एका घोटाळ्यामुळे. एका वर्षी रस्ता ठरल्याप्रमाणे दुपारी बंद झाला, पण मंचाचं सामान आणणारा ट्रक वाटेत बिघडला. चार तास रस्ता नुसता रिकामा. आयोजक फोनवर ओरडत होते, आणि मुलं फुटपाथच्या काठावर रांगेत उभी. कोणी उतरेना. माझा धाकटा तेव्हा सहाचा होता. त्यानं शिकवल्याप्रमाणे उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं, मग रस्त्याच्या मधोमध जाऊन थांबला आणि मागे वळून विचारलं, "आई, इथं उभं राहायचं?" म्हटलं, राहा. तासाभरात चित्र पालटलं. कोणीतरी खडूनं एका फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत लांबलचक साप काढला, त्याच्या पोटात चौकोन आणि आकडे. एक मुलगी सायकलचा तोल सावरायला शिकली, कारण पहिल्यांदाच तिला वळायला पुरेशी जागा मिळाली होती. एरवी खिडकीतूनच दिसणारे एक आजोबा खुर्ची घेऊन खाली आले आणि सापाच्या शेपटीपाशी पंच होऊन बसले. मग ट्रक आला, मुलं कडेला झाली, सापावर सतरंज्या पडल्या. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम छान झाला म्हणतात. आमचा धाकटा कानात बोटं घालून बसला होता. रात्री विचारलं, सगळ्यात मजा कधी आली? म्हणाला, "गाडी बंद पडली तेव्हा."

हे माझ्या एकटीचं भाबडं निरीक्षण असतं तर मी इथे लिहिलंही नसतं. डोनाल्ड ॲपलयार्ड नावाच्या नगररचनेच्या प्राध्यापकानं सॅन फ्रान्सिस्कोत तीन सारखे रस्ते अभ्यासले होते. फरक एवढाच, की एकावर दिवसाला सुमारे 2,000 वाहनं, दुसऱ्यावर 8,000 आणि तिसऱ्यावर 16,000. कमी वाहनांच्या रस्त्यावर राहणाऱ्यांना त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते; सर्वांत वर्दळीच्या रस्त्यावर एकही धड नव्हता, सरासरी 0.9. हा माणूस पुढे 1982 साली अथेन्समध्ये भरधाव गाडीखाली गेला. योगायोग क्रूर आहे. मुलांबद्दल थेट काम मार्को ह्यूटेनमोझर यांनी झ्युरिक भागात केलं. घराबाहेर एकट्यानं खेळायला मिळणारी पाच वर्षांची मुलं आणि रहदारीमुळे घरात अडकलेली मुलं यांच्यात शरीराच्या हालचालींतलं कौशल्य, सवंगड्यांची संख्या, आईबापांवाचून वावरण्याची सवय, सगळ्यात फरक दिसला. बागेत नेऊन तो भरून निघत नाही, कारण बागेत नेणारं कोणीतरी लागतं आणि ते दमलं की खेळ संपतो. दारातला रस्ता म्हटला की मूल स्वतः उतरतं, कंटाळलं की स्वतः वर येतं.

म्हणूनच काही ठिकाणी मुद्दाम खेळण्यासाठी रस्ते बंद करायची पद्धत पडली. न्यूयॉर्कमध्ये 1914 पासून. कोलंबियातल्या बोगोटात 1974 पासून पायी आणि सायकलवर फिरण्यासाठी मोठे रस्ते रविवारी सकाळी सात ते दुपारी दोन वाहनांना बंद असतात, तेही शंभराहून जास्त किलोमीटर. ब्रिटनमध्ये 2009 साली ब्रिस्टलच्या दोन शेजारणींनी शाळा सुटल्यावर आपला रस्ता काही तास बंद करवून घेतला आणि तिथून ती चळवळ देशभर गेली. त्यातला एक तपशील मला फार आवडतो. तिथल्या अनेक नगरपालिका यासाठी 1847 चा एक जुना कायदा वापरतात, जो मिरवणुका, आनंदोत्सव आणि रोषणाईच्या वेळी रस्ते अडवता यावेत म्हणून केलेला होता. म्हणजे उत्सवाच्याच परवानगीतून मुलांचा खेळ निघाला. आपल्याला उलट दिशेनं एवढंच करायचंय, उत्सवाच्या आत खेळाला थोडी जागा मागायची.

आता तुमची धास्ती. ती खोटी नाही. आवाजाचं आधी बोलू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं आणि सगळ्यात जास्त हसण्यावारीही तेच नेलं जातं. कामाच्या जागेसाठी मोठ्या माणसांची मर्यादा 85 डेसिबल, आठ तास अशी धरतात. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. 94 ला एक तास उरतो, 100 ला पंधरा मिनिटं. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे हेडफोनसारख्या वैयक्तिक ऐकण्याच्या साधनांचे निकष आणखी कडक आहेत. मोठ्यांना आठवड्याला 40 तास 80 डेसिबल चालतात, तिथे मुलांना 75. आणि एक गोष्ट मंचासमोर उकिडवं बसून बघा म्हणजे कळेल. जमिनीवर ठेवलेला स्पीकर उभं असताना आपल्या गुडघ्याशी असतो, खाली बसलेल्या सात वर्षांच्या मुलीच्या मात्र अगदी कानाशी. आपल्याला सहन होतंय म्हणून तिलाही होत असेल, हा हिशेब चुकतो. मोकळ्यावर अंतर दुप्पट केलं की साधारण सहा डेसिबल कमी होतात, पण दोन्हीकडे इमारती असल्या की भिंतींवरून आवाज परत येतो आणि तेवढा फायदा मिळत नाही. कापसाचे बोळे म्हणजे मनाचं समाधान. कान पूर्ण झाकणारे मफ घ्या, ते खरंच काम करतात.

झोपेचं गणित सोपं आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. एक रात्र चुकली तर काही बिघडत नाही. तीन चुकल्या की चौथ्या दिवशी शाळेत जे मूल जातं ते तुमचं नेहमीचं नसतं. रात्रीची वेळ ठरवून घेणं हा मुद्दा म्हणूनच सोडू नका. तान्ही बाळं, आजारी मुलं, आवाज-गर्दी अजिबात न सोसणारी मुलं प्रत्येक रस्त्यावर एक-दोन तरी असतात, आणि त्यांचे आईबाप बहुधा बोलत नाहीत. आमच्याकडे स्वमग्न मूल असलेलं एक कुटुंब दरवर्षी उत्सवात गावाला जायचं. तो त्यांचा हौसेचा प्रवास आहे, असं आम्ही कित्येक वर्षं समजत होतो. (जनरेटर मुलांच्या बसण्याच्या जागेजवळ लावू देऊ नका, हेही जाता जाता. रस्ता वाहनांना बंद करून डिझेलचा धूर तसाच ठेवायचा म्हणजे कमाल आहे.)

खरा धोका मात्र बॅरिकेडच्या आत फार नसतो. तो दोन ठिकाणी असतो, मागच्या गल्लीत आणि शेवटच्या अर्ध्या तासात.

मागची गल्ली म्हणजे वळवलेली वाहतूक. आपल्या रस्त्यावरच्या गाड्या हवेत विरत नाहीत, त्या शेजारच्या अरुंद गल्लीतून जातात, आणि उशीर झालेला चालक तिथे वेग कमी करत नाही, वाढवतो. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातल्या संशोधकांनी दाखवलंय की प्राथमिक शाळेच्या वयात समोरून येणाऱ्या गाडीचा वेग साधारण ताशी 32 किलोमीटरच्या वर गेला की मुलांचा अंदाज चुकायला लागतो. मोठ्यांना तो नीट येतो. मुलं बेसावध असतात म्हणून नव्हे, त्यांची नजरच अजून तेवढी तयार झालेली नसते. "नीट बघून जा" हा सल्ला तिथे अपुराच पडणार. आमच्या मागच्या गल्लीतली एक बाई तिसऱ्या वर्षी मला म्हणाली, "तुमची मुलं रस्त्यावर खेळावीत म्हणून आमची कोंडून ठेवायची का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या वर्षीपासून त्या गल्लीच्या दोन्ही तोंडांना एकेक माणूस उभा केला आणि जड वाहनं बाहेरच्या मोठ्या रस्त्यानंच वळवली. वाद झाले, पण झालं.

शेवटचा अर्धा तास त्याहून वाईट. मुलांना रस्ता आपला वाटायला लागलेला असतो. दोन-तीन दिवसांत उजवीकडे-डावीकडे बघण्याची सवयही सुटलेली असते. आणि रस्ता उघडतो कसा? कोणीतरी दमलेला कार्यकर्ता बॅरिकेड बाजूला सरकवतो आणि घरी जातो, बस. एका संध्याकाळी तसंच झालं. खेळणाऱ्या मुलांना कोणी सांगितलंच नाही. पहिली मोटारसायकल आत शिरली तेव्हा चार वर्षांचा एक मुलगा चेंडूमागे मधोमध होता. चालकानं कचकन ब्रेक दाबला, गाडी आडवी झाली, त्याचा कोपर सोलवटला. मुलाला काही झालं नाही. त्या दिवशी बॅरिकेडपाशी माझी पाळी होती आणि मी पाणी प्यायला वर गेले होते. हे लिहायला अजूनही बरं वाटत नाही.

तेव्हापासून आम्ही रस्ता टप्प्यानं उघडतो. पंधरा मिनिटं आधी तीन लांब शिट्ट्या. मुलं आणि खेळणी फुटपाथवर. एक जण या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाऊन सगळीकडे बघतो, उभ्या गाड्यांच्या मधल्या फटीतसुद्धा. मग पहिल्या काही वाहनांच्या पुढे स्वयंसेवक चालतो, गाडी त्याच्या मागून पावलांच्या वेगानं. चालक कुरकुरतात, कुरकुरू दे. रहिवाशाची गाडी मधेच सोडावी लागली तरी हीच पद्धत. रुग्णवाहिका आणि बंबासाठी साधारण चार मीटर पट्टा कायम मोकळा ठेवायचा, त्यावर खुर्चीसुद्धा नको. गंमत म्हणजे मुलांना रांगत-धावत खेळायला तोच पट्टा सगळ्यात आवडतो, आणि उठवायला फार तर दहा सेकंद लागतात.

थोड्या मोठ्या मुलांना, म्हणजे बारा-तेराच्या पुढच्या, उत्सवात काही कामच नसतं; मग ती मंचामागे वायरींच्या जंजाळात जाऊन बसतात. त्यांना मोठ्यांच्या जोडीनं बॅरिकेडवरच्या पाळ्या द्या. आमच्याकडे हरवलेल्या मुलांचा ठिय्या दोन मुली सांभाळायच्या. एकच ठरलेली जागा, लांबून दिसणारी, आणि छोट्यांच्या मनगटावर पालकांचा फोन नंबर. नाव लिहायचं नाही, नावानं हाक मारणारा परकाही मुलाला ओळखीचा वाटतो. माझ्या आठवणीत त्या दोघींकडून एकही मूल पाच मिनिटांपेक्षा जास्त आईवाचून राहिलं नाही. मोठ्यांच्या हातात तेच काम होतं तेव्हा माइकवरून नाव पुकारून सगळ्या गर्दीला सांगायचे, मूल एकटं आहे म्हणून.

तर तक्रार करायची का? रस्ता बंद करू नका, अशी करू नका. ती मान्य झाली तरी मुलीच्या वाट्याला काय येणार, गाड्याच ना? मी तुमच्या जागी असते तर एकच गोष्ट मागितली असती. रस्ता बंद झाल्यापासून सामान येईपर्यंत मधे दोन तास मुलांना खेळायला मोकळे ठेवा, आणि शेवटच्या दिवशी मंच उतरल्यावर रस्ता उघडण्याआधी एक तास. खर्च शून्य, कार्यक्रमाला धक्का नाही. पहिल्या वर्षी आमचे आयोजकही "वेळ वाया जातो" म्हणाले होते. रात्रीची वेळ, स्पीकरची जागा, मागची गल्ली हे त्याच बैठकीत काढा, पण या दोन तासांची मागणी मांडून झाल्यावर. आधी मागणी, मग तक्रार, असा क्रम ठेवला तर लोक ऐकून घेतात.

जाताना रस्त्याचा हातानं काढलेला नकाशा न्या. मंच कुठे, मोकळा पट्टा कुठे, गल्लीची तोंडं कुठे. मुलीला आधी विचारा की ती कुठे खेळेल, आणि तिच्याच हातानं खूण करून घ्या. आमच्या धाकट्यानं उताराच्या टोकाला खूण केली होती, नेमकी जिथे आम्ही जनरेटर ठेवणार होतो. आणि हे परवानगीचा अर्ज जायच्या आत करा. एकदा कार्यक्रमाची पत्रिका छापून आली की त्यातली वेळ कोणी दहा मिनिटंसुद्धा हलवत नाही.