श्रद्धा नाही, केमिस्ट्री कमी पडतेय

प्रश्न : अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा कारखाना आहे. मुलगा बारावीनंतर जेईईसाठी रिपीट करतोय. मेनला एकूण ७८ पर्सेंटाइल. फिजिक्सला ९४, पण केमिस्ट्रीने घात केला. बघणाऱ्याच्या चेतनेनं वास्तव घडतं असं क्वांटम सायन्स सांगतं, म्हणून रोज पहाटे त्याला भिंतीवर लिहिलेल्या रँकसमोर ध्यानाला बसवतो. यंदा गड्ड्याच्या जत्रेलाही जाऊ दिलं नाही. त्याची श्रद्धा कमी पडते का? आता बीएस्सी फिजिक्स म्हणतोय.
– एक पालक, सोलापूर

उत्तर : साहेब, मला काळजी वाटली ती त्या पहाटेची. मार्क कमी पडले की अभ्यास कमी, असं आईवडील म्हणतातच. तुम्ही त्यावर श्रद्धेचाही हिशेब मागताय. अभ्यास केला हे पोरगं वह्या दाखवून सांगेल. श्रद्धा होती हे कशानं सिद्ध करणार? आणि वर्षातून एकदा येणारा गड्डाही बंद! कशासाठी?

आता तुमचं क्वांटम. ही कल्पना कुण्या बुवाची नाही, हे मान्य. पुढे नोबेल मिळवलेल्या यूजीन विग्नर यांनी १९६१ मध्ये ती मांडली होती. नंतर त्यांनीच ती सोडली. मोजमापाच्या क्षणी नेमकं काय घडतं यावर भौतिकशास्त्रज्ञ अजून भांडतात. पण निरीक्षण म्हणजे माणसानं डोळे लावून बसणं नव्हे. व्हिएन्नात सत्तर कार्बन अणूंचे रेणू जाळ्यांमधून सोडले, तेव्हा लाटांसारखा पट्ट्यांचा नमुना मिळाला. तेच रेणू खूप तापवले की स्वतःच प्रकाश फेकतात, त्यातून ते कोणत्या वाटेनं गेले याचं गुपित फुटतं आणि पट्टे पुसले जातात. तो प्रकाश कुणी पाहिला नाही तरीही. आणि विग्नरचं जुनं म्हणणं जसंच्या तसं धरलं, तरी कोणता निकाल यावा हे बघणाऱ्याच्या इच्छेवर नसतंच. शक्यता गणितानं ठरतात. तुमच्या रँकला तिथे कुठेच जागा नाही.

फिजिक्सचे ९४ तुम्ही एका वाक्यात उडवलेत. मी तिथेच थांबलो असतो. बीएस्सी सोलापुरातच होईल. आयसर आणि नायसर या विज्ञान संस्थांच्या प्रवेश परीक्षाही आहेत : आयसरसाठी आयएटी, नायसरसाठी नेस्ट. बारावी कोणत्या वर्षी झाली याची अट आधी वाचा. आयएटीतही केमिस्ट्री आहेच, वर बायोलॉजीही. तेव्हा पहाटेचा तो तास केमिस्ट्रीच्या चांगल्या सरांकडे जाऊ द्या, किंवा सरळ झोपू द्या त्याला.

भिंत आजच पुसा. पुढचं पत्र मुलाला लिहू द्या, आणि ते तुम्ही वाचू नका.