वाचकांचे प्रश्न : स्लीप स्टडीच्या रात्री झोपच लागली नाही, मग रिपोर्ट खरा मानायचा का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, वय ४६. घोरणं खूप आहे आणि दिवसा सारखी पेंग येते म्हणून मागच्या महिन्यात स्लीप स्टडी करून घेतली. डोक्याला, छातीला, पायाला वायरी, नाकाशी नळी, बोटाला क्लिप आणि अशात झोपा म्हणे. एक वाजेपर्यंत टक्क जागा होतो, नंतर डोळा लागला तरी जरा कुठे खुट्ट झालं की जाग यायची, आणि उशीवर कान टेकला की छातीतली धडधड ऐकू येत होती. घरी मी आडवा झालो की पाच मिनिटांत घोरायला लागतो असं बायको म्हणते. रिपोर्टमध्ये स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडण्याचा आजार) 'सौम्य' लिहिलाय. त्यावर विश्वास ठेवू का, आणि शरीर असं का करतं?

उत्तर : तुमचं काही चुकलेलं नाही हे आधी सांगतो, कारण टेस्ट आपणच बिघडवली असं खूप जणांना वाटत राहतं. नव्या जागी पहिल्या रात्री अशी झोप बिघडते, त्याला फर्स्ट नाईट इफेक्ट म्हणतात आणि १९६६ मध्ये ॲग्न्यू, वेब आणि विल्यम्स यांनी मेंदूच्या लहरी मोजून तो मांडला. पहिल्या रात्री झोप लागायला उशीर होतो, मधेमधे जाग जास्त येते, आणि ज्या झोपेत आपल्याला स्वप्नं पडतात ती रेम झोप उशिरा येते आणि कमी मिळते. दुसऱ्या रात्रीपासून बऱ्याच लोकांचं गाडं रुळावर येतं, म्हणून संशोधनात तर पहिल्या रात्रीची मोजमापं पुष्कळदा धरतच नाहीत, ती रात्र फक्त सवय व्हायला देतात.

का होतं याचं मला सगळ्यात आवडणारं उत्तर २०१६ मधलं आहे, अमेरिकेतल्या ब्राऊन युनिव्हर्सिटीतलं. तिथे दिसलं की नव्या जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतसुद्धा मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, आणि उजव्या कानात (त्याचा आवाज मुख्यतः डाव्या भागाकडे जातो) वेगळाच आवाज सोडला की माणसं जास्त वेळा आणि लवकर जागी झाली. साधारण आठवड्याने तीच माणसं तिथेच झोपली तर हा फरक गेलेला. डॉल्फिन अर्धा मेंदू जागा ठेवून झोपतात, तेवढं टोकाचं आपल्यात नाही, पण थोडा पहारा आपणही ठेवतो. एरवी गाढ झोपेत ठोके संथ होतात, रक्तदाब उतरतो, पण प्रत्येक वेळी थोडी जाग आली की ठोके काही सेकंद वर जातात, मग तुम्हाला धडधड ऐकू आली यात नवल काय!

आता रिपोर्टचं. रेम झोपेत स्नायू सैल पडतात आणि पुष्कळ लोकांचा श्वास त्याच वेळी जास्त अडतो, म्हणजे रेम कमी मिळाली तर आजार आहे त्यापेक्षा हलका दिसू शकतो. उलट वायरींमुळे रात्रभर उताणं झोपावं लागलं असेल तर श्वास अडण्याचा आकडा वाढूही शकतो, कारण उताणं झोपलं की जीभ मागे पडते. म्हणून नुसता 'सौम्य' शब्द धरून बसू नका, एकूण किती वेळ झोपलात, रेम किती मिळाली आणि उताणे किती वेळ होतात हे रिपोर्टमध्ये असतं ते डॉक्टरांना विचारा. दिवसाची पेंग तशीच राहिली तर टेस्ट परत करायचं त्यांच्याशी बोला, संकोच करू नका. आणि तोपर्यंत पेंगत गाडी चालवायची नाही, हे मात्र मी आग्रहाने सांगतोय.

प्रश्न : माझी फिरतीची नोकरी आहे, दर आठवड्याला वेगळं हॉटेल. इतकी वर्षं झाली तरी सवय का होत नाही?

उत्तर : कारण सवय त्या जागेची होते, प्रवासाची होतेच असं नाही. जमेल तिथे तेच हॉटेल घ्या, उशीचा अभ्रा घरचा न्या (वास ओळखीचा राहतो), कानात इअरप्लग घाला, खोली थोडी थंड ठेवा कारण झोप लागताना शरीराचं आतलं तापमान उतरत असतं. दारू घेऊन झोपू नका, झोप लवकर लागते खरी पण उत्तररात्री मोडते. आणि महत्त्वाची मीटिंग पहिल्या रात्रीनंतरच्या सकाळी नको, एक दिवस आधी पोचता येत असेल तर पोचा.

प्रश्न : माझं उलटं आहे, घरी तळमळत असते आणि बाहेर कुठेही मस्त झोप लागते. विचित्र आहे का?

उत्तर : अजिबात नाही ताई, निद्रानाशाच्या काही लोकांना लॅबमध्येसुद्धा घरापेक्षा चांगली झोप लागते. घरच्या पलंगावर इतक्या रात्री जागून काढल्या की पलंग दिसला तरी शरीर सावध होतं, आणि नव्या खोलीत ती आठवणच नसते. यावरचा उपाय मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सांगितला आणि तो आजही वापरतात. पेंग आल्यावरच पलंगावर जायचं, वीसेक मिनिटं झोप नाही आली असं वाटलं की उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसायचं (घड्याळ बघू नका), पेंग आली की परत यायचं, मोबाईल आणि हिशेब पलंगावर आणायचे नाहीत, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळी उठायचं. पहिला आठवडा जड जातो, दिवसा झोपूही नका. दोन-तीन आठवडे नेटाने करून बघा आणि फरक नाही पडला तर मला परत लिहा.